मामाजींनी घातलेली आन

आमचे मामाजी पक्के नास्तिक होते, आणि ‘देव नाही’ हे वाक्य त्यांना ‘बाप्पा’ म्हटल्याशिवाय पुरं करता येत नसे. “देव नाई बाप्पा!” असं ते हात झटकून म्हणत. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला यात काहीतरी घोटाळा वाटतो. माझ्या नवऱ्याची पुण्याची मावसबहीण पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा तिचा समज झाला की मामाजी गणपतीलाच तो नसल्याचं कळवून राहिले आहेत. आता आमच्याकडे बाप्पा म्हणजे काही गणपती नव्हे. ‘काय बाप्पा’, ‘हाव बाप्पा’, ‘गरम होऊन राहिलं बाप्पा’, असा तो बोलण्यात येतच राहतो. पण मी बरी सोडते! मी त्यांना म्हणायची, “मामाजी, दिवसभर त्याचंच नाव घेता. तुमचं पुण्य माझ्याहून जास्त झालं.” मग ते चिडून बाप्पा न म्हणता बोलायचा पण करत. त्या दिवशी दुपारपर्यंत घरात चिडीचूप शांतता. जेवताना भाजी तिखट लागली की सगळं मुसळ केरात. “अरे बाप्पा! पानी दे!”

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. त्यांची सगळी नोकरी एसटीत झाली. त्यातली बरीच वर्षं अकोल्याच्या स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीत, माईकवर गाड्या पुकारण्यात गेली. गाडी डोळ्यांना दिसल्याशिवाय पुकारायची नाही, हा त्यांचा नियम. ‘निघाली आहे’, ‘येतच असेल’ असले शब्द त्यांनी माईकवर कधी काढले नाहीत. लोक खिडकीशी येऊन विचारत, “साहेब, परतवाडा कधी येईन?” मामाजी म्हणत, “लागली का सांगतो.” लोक वैतागत, पण त्यांनी पुकारलेली गाडी फलाटावर नाही असं कधी झालं नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी धीर करून विचारलं, “मामाजी, तुम्ही देव खरंच मानत नाही?” तर म्हणाले, “सूनबाई, त्याची गाडी अजून फलाटावर लागली नाई. लागली का मीच पयले पुकारीन. तवरी लोकाईले उन्हात काहून उभं ठेवू?”

मी अचलपूरची. माझ्या माहेरी माणसं मोजकी आणि देव भरपूर. सकाळची पूजा झाल्याशिवाय चुलीवर चहासुद्धा चढत नसे. अशी मी, आणि पडले अमरावतीत राजापेठेतल्या या घरात, जिथे देवघराच्या कोनाड्यात दाढीचं सामान आणि एक जुना रेडिओ! सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्या देवभोळ्या होत्या. त्या गेल्यावर मामाजींनी त्यांचे देव पिशवीत घातले आणि अकोल्याला जुन्या शहरात स्वतःच्या मोठ्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडे, नेऊन दिले. का दिले म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “त्याईची पाहनारी गेली. मी काय त्याईले रोज नाऊ-खाऊ घालनार हाय? उपाशी काहून ठेवू?” नास्तिक माणसाला देव उपाशी राहण्याची काळजी! मी म्हटलं, हे घर जरा समजून घ्यावं लागेल.

लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मी ट्रंकेत ठेवले होते. मामाजींच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी न बोलता दाढीचं सामान खिडकीत हलवलं, कोनाडा ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाले, “घे. जागा देतो. भाडं नाई मांगत. पन घंटी हळू वाजवा लागीन.” तेव्हापासून माझ्या देवांचं नाव पडलं ‘भाडेकरू’. सकाळी पेपर वाचता वाचता विचारत, “भाडेकरू उठले का? त्याईचं झालं असंन तं मले चहा भेटीन काय?” आम्ही देवाला जाऊन परत आलो की विचारत, “काय म्हन्ते मालक? नवीन काई?” मी म्हणे, “तुमची चौकशी करत होते.” ते म्हणत, “सांग, मी घरी नाई.”

हसून सोडून द्यावं असं हे सगळं. पण खरं सांगते, लग्न झाल्यापासून माझ्या जिवाला एकच घोर होता. हा माणूस मेल्यावर जाणार कुठे? चांगला माणूस, तोंडाचा फटकळ पण पोटात काही नाही. आणि ज्या दारात जायचं ते दारच मानत नाही. मला स्वर्ग-बिर्ग काही फार मोठा नको होता त्यांच्यासाठी. कुठेतरी सावलीत नीट बसलेले असावेत, एवढंच. हे त्यांना सांगितलं तर ते खो खो हसत सुटले. “मी नसीनच, तं बसीन कुठं? अन् आत्मा भटकते म्हन्ते ना तू? भटकू दे बाप्पा. एसटीवाल्याचा आत्मा हाय, त्याले सवय हाय.”

आमचे वाद दुपारी होत. मी राजापेठेत ट्यूशन क्लासला आलेल्या बाहेरगावच्या पोरांचे डबे करते. सकाळचे डबे गेले की संध्याकाळची भाजी निवडायला घ्यायची. मामाजी समोर येऊन बसत आणि मेथीची जुडी ओढून घेत. त्यांची मेथी निवडायची पद्धत म्हणजे एकेक पान उजेडात धरून तपासायचं. मी म्हणे, “मामाजी, पोरांना संध्याकाळी जेवायचं आहे, पुढच्या महिन्यात नाही.” पण त्यांचं लक्ष मेथीत नसेच. “सांग मले,” ते सुरू करत, “तुया देवानं सारं बनवलं?” मी म्हणे, “हो.” “हे मेथीतली अळीबी?” “तीही.” “मंग तू काढून काहून फेकून राहिली? त्याची वस्तू हाय.” मी म्हणे, “त्यानेच मला डोळे दिलेत, अळी काढायला.” यावर ते थोडा वेळ विचार करत, आणि तोवर माझी अर्धी जुडी निवडून होई.

एकदा मात्र मी त्यांना चांगलं गप्प केलं. ते म्हणाले, “तू रोज त्या कोनाड्यापुढं बसून बोलते. कोन ऐकते? भिंत?” मी म्हटलं, “कोणीतरी ऐकतंय असं मला वाटतं. तेवढ्याने माझं मन हलकं होतं.” “मंग मले सांग ना! मी ऐकतो. चांगला खुर्चीवर बसलो हाय.” मी म्हटलं, “मामाजी, तुम्ही मधात बोलता. देव मधात बोलत नाही.” त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. “हा मुद्दा बराबर हाय,” म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मान्य केलेला हा माझा एकमेव मुद्दा. त्या संध्याकाळी मी खुशीत पोरांच्या डब्यात शिरा घातला.

उपासाच्या बाबतीत मात्र या नास्तिकाचं वागणं अगदी कच्चं होतं. एकादशी केव्हा, चतुर्थी केव्हा, हे मला कॅलेंडरात पाहावं लागे. मामाजींना तोंडपाठ. कारण त्या दिवशी घरात साबुदाण्याची उसळ होते. आदल्या संध्याकाळी ते सहज विचारल्यासारखं विचारत, “साबुदाना भिजवला काय?” एकदा मी मुद्दाम वरण-भाताचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “उपास माझा आहे, तुमचा नाही. तुम्ही तर देव मानत नाही.” त्यांनी ताटाकडे असं पाहिलं, की जणू कोणी त्यांची पेन्शनच बंद केली. “देवाले मानत नाई,” ते म्हणाले, “उसळीले मानत नाई असं मी कधी म्हटलं?”

आत्याबाईंचं आणि त्यांचं भांडण फोनवर चाले. आत्याबाई अकोल्याहून रोज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेका देवाचा फोटो टाकत. खाली लिहिलेलं, हा संदेश अकरा जणांना पाठवा, सूर्यास्ताच्या आत शुभवार्ता मिळेल. बाकीचे हात जोडून मोकळे होत. मामाजी तो संदेश खरोखर अकरा जणांना पाठवत, आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहीत, “सूर्यास्त झाला. शुभवार्ता आली नाही. चौकशी करावी.” आत्याबाई फोन करून त्यांना झाप झाप झापत. सत्तरी पार केलेल्या या माणसाला त्या अजून ‘लहान्या’ म्हणत. “लहान्या, तुले किडे पडतीन!” मामाजी शांतपणे म्हणत, “हेच शुभवार्ता समजू काय, बाई?” हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखे. तरी आत्याबाई आजारी पडल्या तेव्हा पहिल्या गाडीने अकोल्याला जाऊन बसणारा लहान्याच होता. तिथे त्याने सासूबाईंच्या देवांना आंघोळ घातली असंही मी ऐकलं. विचारलं तर म्हणाले, “बाई झोपून होती. भांडे घासता घासता तेबी घासून टाकले.”

या माणसाला मी एकदाच गंभीरपणे विचारलं. माझे वडील गेले ते दिवस होते आणि माझं कशातच मन लागत नव्हतं. “मामाजी, देव नाही, पुढे काही नाही, तर मग जगायचं तरी कशासाठी?” त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. “उद्या सकाळी मायासंगं चाल,” एवढंच म्हणाले.

रिटायर झाल्यावरही मामाजी रोज सकाळी फिरायला म्हणून जात. फिरायला म्हणजे कुठे, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कळलं, ते अमरावतीच्या स्टँडवर जातात. तिथे त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. फलाटाच्या खांबाशी ते उभे राहिले. एक म्हातारी बाई पिशवी पोटाशी धरून सगळ्या गाड्यांच्या पाट्यांकडे डोळे बारीक करून पाहत होती. मामाजी तिच्यापाशी गेले. “कुठं जाचं, माय?” “अचलपूरले.” “चष्मा?” “घरी राह्यला ना बाप्पा.” त्यांनी तिची पिशवी घेतली, तिला हाताला धरून गाडीत बसवलं, कंडक्टरला उतरायचं ठिकाण सांगितलं आणि परत खांबाशी आले. मग एका मुसलमान चाचांना दर्यापूरच्या गाडीत चढवलं. चाचांनी, “अल्लाह आपको सलामत रखे,” म्हटलं. मामाजी म्हणाले, “आप सँभल के बैठो चाचा, पायरी ऊँची है.” सकाळभर हेच चाललं होतं.

परत येताना माझं मन भरून आलं होतं. मी म्हटलं, “मामाजी, ही तर सेवा झाली. केवढं पुण्य—” ते रस्त्यातच थांबले आणि माझ्यावर असे तडकले, की पानठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले. “पुन्य म्हनू नको! पुन्य म्हटलं का आपन वाट पाहाले लागतो, कवा भेटीन, किती भेटीन. कोनाची माय चुकीच्या गाडीत बसू नये. बस. एवढ्यासाठी उठतो मी सकाळी.” मला ते सगळं पटलं असं नाही. माझ्या मते ते पुण्यच होतं, आणि वरती कुठेतरी लिहिलं जात होतं. पण घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी मला सपाटून भूक लागली.

मग दोन वर्षांखाली त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपायचं नाही, गोळ्यांवर चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामाजींनी घरी येऊन पहिलं काम केलं ते देहदानाचं. मेडिकल कॉलेजशी बोलून सगळं नक्की करून टाकलं. आम्हाला म्हणाले, “मेल्यावर मले पोरं शिकाले घेऊन जातीन. तुमच्या मागं ना अग्नी, ना राख, ना अस्थी. अन् तेरवी-बिरवी काई करू नका.” आमचे हे म्हणजे मामाजींचा एकुलता मुलगा. बँकेत आहेत, स्वभावाने लोण्याचा गोळा. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. पण मी मनात मोजत होते. अग्नी नाही, पिंड नाही, तेराव्या दिवसाचं पान नाही. म्हणजे या माणसाला पुढे जायची वाटच नाही. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, आत्ता हो म्हणू, पुढचं पुढे पाहू. त्यांना काय कळणार आहे!

त्यांना कळलं. आठ दिवसांनी एका सकाळी मामाजी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. “चाल. अंबादेवीले जाऊ.” माझ्या हातातला झारा पडला. “कोण? तुम्ही?” “मंग काय तुया भाडेकरू? चाल.” मी पाच मिनिटांत साडी बदलली. वाटेत रिक्षात माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. म्हटलं, आई, इतक्या वर्षांनी ऐकलंस! मंदिरापाशी मी ओटी घेतली, नारळ घेतला. मामाजींनी चपला नीट जोडीने काढल्या आणि माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले. रांगेतही तोंड गप्प नाही. “येवढी लाइन! अन् पुकारनारं कोनी नाई.”

आम्ही देवीसमोर आलो. मी हात जोडले. मामाजींनी जोडले नाहीत. त्यांनी माझा हात धरला, ओटीच्या नारळावर ठेवला आणि म्हणाले, “घे आन. माया मेल्यावर तू पिंड, तेरवी, काहीच करनार नाई, अन् कोनाले करू देनार नाई.”

देवीची शपथ, आणि तीही मामाजींच्या तोंडून! “मामाजी! तुम्ही हिला मानत नाही!”

“मी नाई मानत. तू मानते ना?” ते म्हणाले. “मायी आन घातली तं तू मोडशीन. रडशीन अन् मोडशीन, मले ठाऊक हाय. पोरगा तं बोलता बोलता मोडते. हिची आन तू मोडनार नाई.”

“हे बरोबर नाही,” मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. “विधी नाही केले तर तुमचं कसं होईल? मला काय वाटेल याचा विचार केला तुम्ही?”

मागून लोक ढकलायला लागले. “काकाजी, सरका ना पुढं!” मामाजींनी वळून त्यांच्या स्टँडवरच्या आवाजात सांगितलं, “दोन मिनिट. पोरगी आन घेऊन राहिली.” रांग गुपचूप थांबली. आन म्हटल्यावर थांबणारच. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज खाली आला. “तुयी सासू गेली तवा म्या डोकं भादरलं. दहावा केला, तेरवी केली, बामन जेवू घातले. मले एक शब्द पटत नव्हता. पन तिले पटत होता ना! तिचं तिच्या मनासारखं केलं. आता मायं मायासारखं होऊ दे, पोरी.”

मी नारळावर हात ठेवून आन घेतली. पुजाऱ्यांनी मामाजींपुढे तीर्थ धरलं. ते म्हणाले, “हिले द्या. मी फक्त साक्षीले आलो.”

मामाजी गेल्या वर्षी, दिवाळीच्या थोडं आधी गेले. सकाळी स्टँडवर जाऊन आले, माझ्यासमोर बसून वालाच्या शेंगा सोलल्या, थोडं पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. मी हाका मारल्या, मग ओरडले, मग मला कळलं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, तशी माझ्या वडिलांसाठीसुद्धा रडले नव्हते. नातेवाईक जमले. मेडिकल कॉलेजची गाडी यायला उशीर होत होता आणि जो येई तो मला विचारे, “गाडी कधी येते?” मी म्हटलं, “लागली की सांगते.” म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं, आणि मी पुन्हा रडायला लागले.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई अकोल्याहून आल्या त्या भटजींशी बोलूनच. बैठकीत सगळे बसलेले होते. “अग्नी नाई दिला, राख नाई, अस्थी नाई,” त्या म्हणाल्या. “माया लहाना भाऊ, त्याले असं उघड्यावर सोडता काय? तेरवी झाली पायजे.” आमचे हे जमिनीकडे पाहत पुटपुटले, “करून टाकू. आत्याच्या समाधानासाठी.” मामाजींनी सांगितलं होतं तसंच, बोलता बोलता!

मी म्हटलं, “करता येत नाही, आत्याबाई. मी आन घेतली आहे.”

“कोनाची आन?”

“अंबादेवीची. तिच्यासमोर उभं राहून. मामाजींनीच घातली.”

आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं त्या आता मला मिठी मारतील. “लहान्या देवीपुढं गेला होता? सोताहून?” “हो.” “मंग मानतच होता तो! पाह्यलं? जिंदगीभर नाटक केलं मेल्यानं, अन् शेवटी गेला तिच्या पायापाशी!” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोणीतरी म्हणालं, मला आधीपासूनच वाटत होतं, इतका चांगला माणूस नास्तिक कसा असेल? आत्याबाई म्हणाल्या, “मंग तं तेरवी केलीच पायजे. आन काय, हट्टानं घातली असंन. देवी माफ करते.”

आणि मी काय सांगू तुम्हाला! हेच वाक्य ऐकायला मी किती वर्षं जिवाचा आटापिटा केला होता. ते मानत होते. आता नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. पिंड पडला असता, पान वाढलं गेलं असतं, मामाजींना वाट मिळाली असती आणि माझा घोर संपला असता. माझी मान हलायला निघालीही होती. पण मला एकदम फार राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. तो माणूस जन्मभर एकच गोष्ट खरी बोलला, आणि तो उठून ‘नाई बाप्पा’ म्हणू शकत नाही हे पाहून आम्ही त्याच्या तोंडात भलतंच घालत होतो.

“नाही,” मी म्हटलं. “मामाजी देव मानत नव्हते. शेवटपर्यंत नव्हते. देवीपुढे ते आले, कारण मी मानते म्हणून. त्यांनी हातसुद्धा जोडले नाहीत. ते नास्तिक होते, आणि या घरात त्यांना कोणी दुसरं काही म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.”

“तू?” आत्याबाई कडाडल्या. “चतुर्थ्या धरनारी, पोथ्या वाचनारी, तू सांगून राहिली हे?”

“हो, मीच सांगते. मला विचारा ना! मी रोज भांडत होते त्यांच्याशी.”

मी आत्याबाईंना सासूबाईंच्या तेरवीची आठवण करून दिली. पटत नसताना डोकं भादरून बसलेला त्यांचा लहान्या त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आत्याबाई भिंतीला टेकल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, “मोठा वंगाळ मानूस. मेला तरी आपलंच खरं करून गेला.” नंतर नाक पुसून त्यांनी निकाल दिला. देवीची आन आहे, मोडता येत नाही. तेरवीला त्या येणार नाहीत. सहज म्हणून येतील. सहज आलेल्या माणसाला जेवायला घालशील ना?

तेराव्या दिवशी आमचं अख्खं खानदान सहज आलं. ज्यांना अमरावतीत काही काम नव्हतं, तेही इकडून चाललो होतो म्हणून आले. तेरवी म्हटली की पानात गोड लागतं. म्हणून मी झणझणीत पिठलं, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा केला, असा की कोणाला त्याला तेरवी म्हणायची हिंमत होऊ नये. लोक डोळ्यांतून पाणी काढत जेवले. ते ठेच्याचं किती आणि मामाजींचं किती, हे मी काही विचारलं नाही. पण सगळ्यांची पानं वाढली आणि एक पान वाढायचं नव्हतं. माझा हात तिथे जात होता आणि मी मागे घेत होते. ते फार अवघड गेलं.

सगळे गेल्यावर मी ओटी घेतली आणि एकटीच अंबादेवीला गेले. गर्दी कमी होती. मी हात जोडले आणि तिला सांगितलं, आई, तुझी आन पाळली. आता तुझ्यावर आलं आहे. आमचे मामाजी तुझ्याकडे निघालेत, वाट विचारत विचारत येतील. आमच्याकडून त्यांना पिंड गेला नाही, पान गेलं नाही, उपाशी आहेत. त्यांना बसव आणि पोटभर वाढ. तू नाहीस असं ते तुला तोंडावर सांगतील. जेवता जेवताही सांगत राहतील. तू रागावू नको, वाढत राहा.